पालापासून शंभर पावलं

पुंजा आमच्या रस्त्याच्या टोळीत पालं उभी करायचा. खडी फोडणं, मुरूम पसरणं सगळ्यांचंच काम. जागा निवडणं मात्र त्याचं. एकट्या झाडाखाली नाही, टेकाडावर नाही, ओढ्याच्या पात्रात नाही. पालाभोवती वीतभर खोल चर. आणि आभाळ भरलं की पहारी, टिकाव सगळं पालापासून शंभर पावलं लांब. पावलं तो स्वतः मोजायचा.

लोक हसायचे. पुंजाला ढगांचं पत्र येतं, म्हणायचे. त्याची बायको मैना म्हणायची, "यांच्या पहारींना वेगळं घर पाहिजे, मला मात्र चार हात पाल." पुंजा ऐकून घ्यायचा. लहानपणी गुरं राखताना विजेने मेलेल्या दोन म्हशी त्याने पाहिल्या होत्या.

१९८१च्या एप्रिलात आम्ही नांदगावपासून सहा मैलांवर माळावर होतो. त्या दिवशी पुंजा बाजाराला गेला होता. तीन वाजता आभाळ काळं झालं. मुकादमाने काम थांबवलं. अवजारं लांब नेण्याची पाळी माझी होती. अकरा पहारी, एका खेपेला तीन, म्हणजे चार खेपा. पाव तासाचं काम. सकाळपासून दगड फोडून खांदे भरून आले होते. मी सगळ्या पहारी मैनावहिनीच्या पालाच्या तोंडाशी टाकल्या आणि माझ्या पालात आडवा झालो.

मग गारा सुरू झाल्या. पालांचं कापड फाटू लागलं. गारा थांबाव्यात म्हणून आमच्याकडे लोखंड अंगणात टाकतात. टोळीतली म्हातारी अक्काबाई ओरडू लागली, कुणीतरी लोखंड टाका. पुंजा असता तर त्याने कुणाला हलू दिलं नसतं. मैनावहिनीच्या हाताशी पहार होती. डोक्यावर गोणपाट घेऊन ती बाहेर गेली. नुसती टाकली नाही, उभी रोवायला दोन्ही हातांनी उचलली. वीज पडली.

पुंजा संध्याकाळी आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पहारींकडे.

"पाळी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो. "दमलो होतो, पुंजाभाऊ."

"सगळेच दमतात, भिकन."

निफाडजवळ तिचं माहेर. निरोप पोचेपर्यंत प्रेत ठेवता येण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी राख सावडून तो तिकडे सांगायला निघाला. मला म्हणाला, चल. तिच्या आईसमोर माझं नाव घेण्यासाठीच नेतोय, असं मी धरून चाललो होतो. घ्यावं, असंही वाटत होतं.

तिची आई सखुबाई ओट्यावर लसूण सोलत होती. पुंजाने उभ्यानेच सांगितलं.

"तुमच्या पालावर?" ती म्हणाली. "तुम्ही तर लय जपायचात."

"मी नव्हतो तिथं," पुंजा म्हणाला. "मीच कमी पडलो."

मी तोंड उघडलं. पुंजाने माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. मी तोंड मिटलं.

रडून झाल्यावर म्हातारी आत गेली, पाणी घेऊन आली. परका असून लेकीसाठी एवढ्या लांब आला, म्हणून तिने तांब्या आधी माझ्यापुढे धरला.

मी प्यालो.