दिवसाचे आठ युनिट

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझ्या मामाजींनी पवनीजवळच्या एका राईस मिलमध्ये तीस वर्षं काढली. कोंड्याची धूळ छातीत कधी जाऊन बसली ते त्यांनाही कळलं नाही. मिल सुटल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात त्यांना श्वास पुरेना, म्हणून आम्ही त्यांना भंडाऱ्याला नेलं. अकरा दिवस दवाखान्यात राहून ते घरी आले, आणि त्यांच्यासोबत दोन गोष्टी आल्या. एक, महिलांच्या गटातून माझ्या नावावर उचललेलं कर्ज. दुसरी, कुणाच्या तरी घरची जुनी, विकत घेतलेली ऑक्सिजनची मशीन.

चाकांवरची, गुडघ्याएवढी पेटी होती ती. लाईटवर चालायची आणि नळीतून नाकात ऑक्सिजन सोडायची. दिवसातून निदान सोळा तास लावायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सिलिंडरपेक्षा स्वस्त पडेल, असं जो तो म्हणाला. ती लाईट किती खाते, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते पहिल्या बिलानं सांगितलं.

आमचं बिल सहाशे-सातशेच्या वर कधी गेलं नव्हतं. ते तीन हजाराच्या जवळ आलं. मला वाटलं, शेजाऱ्यांचं आमच्याकडे टाकलं असेल. नाव वाचलं, ग्राहक नंबर जुन्या बिलाशी लावून पाहिला. मग वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसानं शांतपणे सांगितलं, "मीटर बरोबर आहे ताई. शंभराच्या वर युनिट गेले की दरच वाढते. अन् आता दरही पहिल्यासारखे नाही राहिले."

गटाच्या कर्जाची किस्त दर पंधरा दिवसांनी, बुधवारी असायची. गटप्रमुख बाईंच्या ओसरीवर आम्ही दहा जणी बसायचो; कर्ज देणाऱ्या कंपनीचे सर येऊन पैसे घ्यायचे आणि प्रत्येकीच्या कार्डावर सही करायचे. नियम असा, की सगळ्यांचे पैसे जमल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि एकीचे कमी पडले तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचे. त्यात धुणीभांडी करणारी होती, भाजी विकणारी होती. माझ्यामुळे त्यांच्या कमरेची पिशवी सुटावी, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. नवरा भंडाऱ्यात हार्डवेअरच्या दुकानात कामाला. त्याचा पगार ठरलेला, किस्तही ठरलेली. ठरलेलं नव्हतं ते फक्त बिल.

म्हणून मी रोज सकाळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायला लागले. कालच्यातून आजचा वजा केला की आठ युनिट यायचे. कधी साडेआठ. मग मी घरभर फिरून काय बंद करता येईल ते शोधायची. फ्रिज बंद केला. टीव्हीचं बटण भिंतीवरूनच बंद ठेवायला लागले. मी घरी ब्लाऊज शिवायची, त्या शिलाई मशीनला मोटर होती. तेवढ्यात एका टेलर बाईंनी बाजारातल्या त्यांच्या दुकानात येऊन शिवायला सांगितलं. मजुरीही मिळणार होती आणि लाईट त्यांची. मी लगेच हो म्हटलं. अकरा वाजता मामाजींना जेवायला वाढून, नळी नाकाला लावून मी निघायची, ती चारला परतायची.

दुकानात जायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा साडेसहावर आला. दुसऱ्या दिवशीही तोच. मी पुन्हा पुन्हा वजाबाकी केली. शिलाईची मोटर एवढी खात होती, याचं मला नवल वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता. त्या दिवशी मी शिरा केला. मामाजींनी वाटी हातात घेऊन विचारलं, "आज काय आहे व?"

"युनिट कमी झाले मामाजी."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि सगळा शिरा त्यांनी संपवला.

त्यानंतरच्याच एका बुधवारी मी दुकानात न जाता आधी किस्त भरायला गेले. ओसरीवर बसल्यावर लक्षात आलं, की पैसे आणलेत पण कार्ड घरीच राहिलं. उलट्या पावली परत आले. दारातच पाय थबकले. आमच्या घरात त्या मशीनची घरघर सतत असायची, इतकी की ती ऐकू येणंच बंद झालं होतं. आता घर गप्प होतं.

मामाजी खाटेच्या काठावर बसले होते. दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरलेली, खांदे वर चढलेले, ओठ जांभळट. नळी उशीवर नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"मशीन काहून बंद आहे?"

"लाईट गेली," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना दोन श्वास लागले.

बोर्डावरचा तांबडा दिवा लागलेला होता. मी बटण दाबलं, नळी लावली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. एक्क्याऐंशी. ते नव्वदच्या वर जाईपर्यंत मी त्यांची पाठ चोळत राहिले.

मग ते आपणहून बोलले. "तू गेली का बंद करतो. तू यायच्या आधी लावतो."

"रोज?"

"रोज नाही तं काय. सहज बसून राहतो मी. काही होत नाही."

"मामाजी, काही होत नाही म्हणता? आत्ता पाह्यलं न मी!"

"तू थे आकडे लिहून ठेवते, मले वाचता येते बाई. त्या दिवशी तू शिरा केला. किती दिवसांनी हसली होती. मी मनात म्हटलं, आपल्याच्यानं एवढं तरी होते."

मी जमिनीवर बसले. रडूही येईना. मी मोजत होते ते त्यांचे श्वास होते, आणि कमी झाले म्हणून गोड केलं होतं.

तेवढ्यात गटप्रमुख बाई दारात उभ्या. "अवो, सगळ्या बायका तुमच्यासाठी अडकून राहिल्या! सर ओरडून राहिले तिकडे!" बोलता बोलता त्यांचं लक्ष मामाजींकडे गेलं, माझ्याकडे गेलं. त्या आत आल्या. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडून पैसे आणि कार्ड घेतलं. "तू बस यांच्यापाशी. मी भरतो," म्हणाल्या, आणि गेल्या.

संध्याकाळी नवरा आला. त्याला सांगताना मी आवाज हळू ठेवला, पण दोन खोल्यांचं घर. बूट काढून त्यानं हातातच धरले. मग म्हणाला, "किस्त बंद करू दोन-चार महिने."

"नऊ जणींनी भरायची का आपली?"

"मग बिल नको भरू."

"लाईट कापली तं?"

तो चिडला. मीही चिडले. आतून मामाजी म्हणाले, "माझ्यापायी भांडू नका रे." थोड्या वेळानं नवरा अंगणात गेला आणि मोटरसायकलवरून हात फिरवून आला. तिच्यावर तो रोज भंडाऱ्याला जायचा. रंग उडून धुरकट झालेली, पण तिचं इंजिन चांगलं होतं.

"विकून टाकू," तो म्हणाला. "गटाचं एकदाचं मिटवू. मी एसटीनं जाईन. किस्तीचे पैसे बिलात जातील."

पंधरा दिवसांत आंधळगावचा एक माणूस ती घेऊन गेला. भाव मनासारखा आला नाही. उरलेलं कर्ज भरायला मी कानातले विकले, ते मला कठीण गेलं नाही असं म्हणणार नाही. दुकान सोडलं, घरीच शिवायला बसले. एका इलेक्ट्रिशियननं मोटर बघून सांगितलं, "वहिनी, ही काही खातच नाही." कॅलेंडर उतरवून ठेवलं. तरी मामाजी रोज विचारायचे, "आज किती?" मी म्हणायची, "पाच." ते मान हलवायचे. त्यांना खरं ठाऊक होतं.

मामाजी आहेत. लांब नळी घेऊन दारात बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. मशीन बंद दिसली नाही पुन्हा, तरी बाजारात गेले की मी अर्ध्या वाटेतून फोन करून तिचा आवाज ऐकते. बिल आलं की आधी उलटं धरते, मग वाचते. नवरा सकाळी सातची बस धरतो.

कर्ज संपलं त्या बुधवारी कंपनीच्या सरांनी मला तसा कागद दिला आणि त्याच दमात विचारलं, "ताई, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे. आता मोठं लोन मिळते. करून टाकू फॉर्म?"

मी नको म्हटलं. पण त्या महिन्याचं बिल अजून भरायचं होतं, आणि नको म्हणायला मला थोडा वेळ लागला.