मेहुण्याला दाखवलेली गाडी

रेल्वे फाटकावर गेटमन म्हणून मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर नंदुरबारच्या घरात, माडीवरच्या खोलीत, मी ते फाटक पुन्हा उभं केलं. प्लायवुडचे दोन तक्ते जोडून त्यावर बोटाएवढे रूळ टाकले. शेतातली काळी माती चाळून पसरली, एका कडेला तिखट भुरभुरून वाळत घातलेल्या मिरचीची पथारी केली. इंजिन आणि चार डबे मुलीने पुण्याहून पाठवले होते. दोन वर्षं या कामात गेली.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो, गावात त्याचा स्टुडिओ आहे. माझ्या गाडीचा चांगला व्हिडिओ करून दे, असं मीच त्याला म्हणालो. तो आला, उभ्या उभ्या मोबाइल धरून वरून सगळं टिपलं. पंखा चालूच होता, तक्त्यावरची लोकरीची झाडं थरथरत होती.

“दाजी, आवाज काढा ना गाडीना. मी मस्त फिल्म बनाडी देस,” तो म्हणाला.

मी विश्वासाने तोंडाने शिट्टी काढली. कू करून, दोनदा.

आठवड्याने तो व्हिडिओ साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर होता. गाडी त्यात नावालाच होती. माझं टक्कल, वाकलेली पाठ, गोल केलेलं तोंड, आणि खाली लिहिलेलं: ‘म्हातारपणाचं खेळणं’. विसरवाडीला बस बदलताना चहाच्या टपरीवरच्या एका अनोळखी माणसाने माझ्याकडे पाहून कू केलं. बाकीचे हसले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तीही तोंडाला पदर लावून हसली.

त्या दिवशी मी ठरवलं, मेहुण्याला त्याच्याच धंद्यात खाली पाहायला लावायचं.

व्हिडिओतलं मला काही कळत नव्हतं, पण फाटकावर उभं राहून गाडी येताना कशी दिसते, ते मला ठाऊक होतं. ती वरून दिसत नाही. म्हणून मी मोबाइल उलटा केला, भिंग खाली आलं, आणि तो थेट मातीवर टेकवला, माझ्या इंचभर उंचीच्या गेटमनच्या शेजारी. दोन्ही बाजूंना तुरीच्या डाळीच्या पिशव्या लावल्या, म्हणजे हलायला नको. पंखा बंद, उदबत्तीच्या धुराचं धुकं. खिडक्या झाकल्या. एकच दिवा, तोही बाजूने आणि खाली, बटर पेपर लावून. मग डब्यांच्या सावल्या सकाळसारख्या लांब पडायला लागल्या. मागे आकाश म्हणून निळी चादर होती. तिला इस्त्री केली नाही तर आकाशाला घड्या दिसतात, हे तिसऱ्या दिवशी कळलं. रुळांवरची धूळ दाढीच्या ब्रशने झाडली, कारण जवळून बघितलं की धुळीचा कणही धोंड्याएवढा दिसतो. सगळ्यात मोठी चूक वेगाची होती. मालगाडी जागची हलायला किती वेळ घेते! मी नियंत्रकाचं बटण केसभर फिरवायला शिकलो. आवाजासाठी माझ्या जुन्या फाटकाजवळ जाऊन खऱ्या गाडीचा खडखडाट आणि भोंगा भरून आणला.

कंटाळा आला की मी मेहुण्याचा व्हिडिओ लावायचो. माझं तोंड गोल झालेलं बघितलं की परत कामाला लागायचो. पाच महिने असेच गेले.

माघात सासुरवाडीला, सारंगखेड्याला, मेहुण्याच्या पुतणीची हळद होती. दुपारी बैठकीत पंचवीस-तीस पाहुणे बसले होते. मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणालो, “कोणी तरी पाठवलंय, बघा.”

धुक्यातून इंजिन आलं. फाटक बंद होतं. मिरचीची पथारी लाल दिसली आणि डबे एकेक करून पुढून गेले.

“कथानं शे हाई?” हे कुठलं, म्हणून सासऱ्यांनी विचारलं.

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. तो पुढे सरकला. “आपला दोंडाईचाकडनाच रस्ता शे. सकायनी येय शे, ऊन दखा. खाले कॅमेरा ठेईसन लेयेल शे. असा शॉट लेवाले मोठा कॅमेरा लागस, आनि हात बी लागस. हाऊ कोन्ही तरी मुंबईना मानूस शे.”

“नक्की?” मी विचारलं.

“दाजी, मन्हा धंदा शे हाऊ.”

पडद्यावर डाव्या बाजूने एक भलामोठा हात आला, त्याच्या बोटात माझी अंगठी. त्याने इंजिन चिमटीत उचललं.

आधी सासरे हसले, मग सगळी बैठक. मेहुणा उठून बाहेर गेला आणि जेवायलाही आला नाही. मी मात्र दोनदा वरण-बट्टी वाढून घेतली.

परतताना बसमध्ये बायको म्हणाली, “मन्हा भाऊनी इज्जत काढी तुम्ही.”

“त्यानी मन्ही काढी तवय तू हासनी,” मी म्हणालो. आठ दिवस अबोला होता.

मेहुण्याने माझा जुना व्हिडिओ काढून टाकला. महिन्याने तो घरी आला, चहा घेतला, आणि कपाकडे बघत विचारलं, प्रकाश कसा लावला होता. त्याला एका लग्नात अंगठ्यांचं शूटिंग तसं करायचं होतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. बटर पेपर तर टेबलावरच पडला होता. तो मी वर्तमानपत्राखाली सरकवला आणि म्हणालो, “तुझा धंदा आहे, तुलाच माहीत.”

तो गेल्यावर बायकोने कप उचलले. मला वाईट वाटेल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही.