सागवानी प्रथमोपचार

आमच्या घरातली आजवरची सगळ्यात मोठी दुखापत प्रथमोपचाराच्या पेटीनं केली आहे. पेटी माझी होती, पाय आबांचा होता. आणि नुकसान झालं ते आईचं.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर मूळचं विणकरांचं, पण आबा शिकले, मास्तर झाले आणि लग्न झाल्याबरोबर त्यांची नेमणूक मेळघाटातल्या एका आडगावी झाली. आई नागपुरातच सासरी राहिली, मागाच्या खडखडाटात कांड्या भरत. आबा सुट्टीत घरी यायचे आणि तिला सांगायचे, "अवं, पहाटे मोहाचं फूल पडते तठी. वारा नाही, माणूस नाही. नुसतं टप... टप... पूर्ण जंगलात तेवढाच आवाज." आईच्या कानात दिवसभर माग आणि मनात ते टपटप. तिनं आयुष्यात दागिना मागितला नाही की काशी मागितली नाही. "मले एकदा तो आवाज ऐकाचा हाये, तुमच्यासंगं बसून," एवढंच म्हणायची. मग आम्ही झालो, आमची शिक्षणं झाली, लग्नं झाली, आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तो आवाज राहूनच गेला.

गेल्या वर्षी मात्र आईनं फर्मान काढलं. "यंदा जाचं! गुडघे आहेत तोवर जाचं!"

आबांचा जुना विद्यार्थी सुकलाल अजून त्याच गावात राहतो. गावात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे तो बाजाराच्या दिवशी तालुक्याला आला की फोन करतो. फाल्गुन संपता संपता त्याचा फोन आला. "गुरुजी, मोहा गिरने लगा. माँजी को लेके आ जाव!" मोहाचा बहर म्हणजे काही आठवड्यांचा खेळ. फुलं पडली, वेचली, संपला. म्हणजे लगेच निघायला हवं होतं. आई, आबा, मी आणि माझी बायको वैशाली, गाडी घरची. त्या दिवशी निघालो असतो तर हे लिहिण्यासारखं काही घडलंच नसतं. पण मी म्हणालो, "थांबा. आधी प्रथमोपचाराची तयारी."

आता याला कारण आहे. आमच्या ऑफिसात एकदा अर्ध्या दिवसाचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात मी एका रबरी बाहुल्याची छाती दाबून त्याला वाचवलं होतं (निदान तो मेला असं कोणी म्हणालं नाही!). तेव्हापासून मी स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो. उरलेला अर्धा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पूर्ण केला.

वैशाली म्हणाली, "त्यात काय तयारी? एका पिशवीत पट्ट्या, मलम, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं आणि आईंची बीपीची गोळी. झालं की!"

"पिशवी? जंगलात पिशवी? दवाखाना डोंगरापल्याड, फोन लागत नाही, वर साप, विंचू, अस्वल..."

"अस्वल चावलं तर कोणतं मलम लावता जी?"

मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथून जे आणलं ते पाहून आईनं विचारलं, "दुकान बंद करून राहिला का तो?" मोडलेल्या हाडाला बांधायच्या फळ्या होत्या, भाजल्यावर लावायची जाळी होती, डोळे धुवायची वाटी होती, आणि कापूस तर एवढा की एक गादी झाली असती.

सामान आलं म्हणजे सराव आला. एका रविवारी सकाळी मी आबांना आरामखुर्चीत बसवलं आणि जाहीर केलं, "आबा, तुमचा पाय मोडला आहे."

"काहून?" आबांनी विचारलं.

"दरीत पडून."

"मी दरीकडे कायले जाईन गा?"

मी दुर्लक्ष करून पायाला फळ्या बांधल्या. ओघात डोक्यालाही पट्टी गुंडाळली, हात गळ्यात अडकवला. आबा निवांत वर्तमानपत्र वाचत होते (एका हातानं). नेमके त्याच वेळी शेजारचे वासुकाका दार लोटून आत आले. वासुकाकांची कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची आडत. बोलणं लिलावासारखं, एकदा सुरू झालं की कोणाला मध्ये शिरता येत नाही. त्यांनी आबांना पाहिलं आणि "अरे बाप्पा! गुरुजी!" असं ओरडून आल्या पावली परत फिरले. मी मागे धावलो, "काका, सराव आहे, सराव!" पण तोवर ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते.

दुपारपर्यंत आमच्या घरी संत्र्यांची पेटी आली. संध्याकाळपर्यंत आणखी आल्या. उमरेडहून आत्याचा रडत फोन आला. जरीपटक्याचे मामा सहकुटुंब आले, आबांना धडधाकट चालताना पाहून जरा हिरमुसले आणि जेवून गेले. समाचाराला येणाऱ्यांची रीघ काही दिवस संपेना. आजारी माणसाला भेटायला लोक यायचे आणि आजारी माणूस स्वतः दार उघडायचा! अशात घराला कुलूप लावून जंगलात जाणार कसं? लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला या अवस्थेत कुठं नेलं?

सुकलालचा पुन्हा फोन आला. "गुरुजी, बहुत गिर रहा है. कब आते?"

आई संत्री सोलता सोलता म्हणाली, "बाळ्या, मोह थांबून नाही राहत तुह्यासाठी."

तेव्हा तरी निघावं की नाही? पण एवढं सामान ठेवायचं कशात हा प्रश्न उरला होता. दुकानातली प्लॅस्टिकची डबी मला हलकी वाटली. जंगलात कशी, दणकट वस्तू हवी. आणि माणूस नागपूरचा असला की दणकट म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही. मी सरळ लाकडाचा बाजार, लकडगंज गाठलं आणि सुताराला सांगितलं, "सागवानाची पेटी पाहिजे. कोपऱ्याला पितळ लावा."

"आत काय ठेवता?" सुतारानं माप घेत विचारलं.

"कापूस."

त्यानं माप पुन्हा एकदा घेतलं. मग काम सुरू केलं. मध्ये त्याच्या साळ्याचं लग्न निघालं, मग पॉलिश वाळेना. अखेर पेटी घरी आली तेव्हा ती उतरवायला मी आणि ऑटोवाला दोघं लागलो. दिसायला मात्र अशी देखणी की आईनं सवयीनं तिला हळदकुंकू वाहिलं.

वासुकाका पाहायला आले. त्यांनी पेटीवर थाप मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "माल अस्सल हाये. पण काहो, सागवान घेऊन सागवानाच्या जंगलात चालले तुम्ही! जाताना कोणी नाही विचारत. येताना फॉरेस्टच्या नाक्यावर पास मागतीन, तेव्हा काय दाखवता? कापूस?"

बाप्पा रे, खरंच की! म्हाताऱ्या आईवडिलांसकट लाकूडचोरीत अडकलो तर? मी पुन्हा लकडगंजला, पेटी विकत घेतल्याची पावती आणायला. सुतार गावी गेलेला! तो येईपर्यंत आणखी दिवस गेले. आईनं प्रवासाची पिशवी भरून दाराशी ठेवली होती, आणि रोज सकाळी तिच्यावरची धूळ तेवढी झटकत होती. हे मला तेव्हा दिसत होतं, पण मी पावतीच्या काळजीत होतो.

शेवटी निघायचा दिवस उजाडला. सुकलालनं कळवलं होतं की आता थोडाच मोह उरला आहे, पण ओढ्याकडची झाडं अजून टपटपतात. आईनं नवं लुगडं नेसलं होतं. आबांनी इतक्या वर्षांनी केसाला तेल लावून भांग पाडला होता. वैशालीनं गाडी दारात काढली, आईनं चाकापुढं नारळ फोडला. उरली फक्त पेटी, ती गाडीच्या टपावर चढवायची होती. तिला मी मोठं कुलूपही लावलं होतं. मेळघाटात माकडं फार, त्यांनी गोळ्या खाल्ल्या तर?

"थांब गा, मी धरतो एका बाजूनं," आबा म्हणाले.

"तुम्ही सरा आबा. मी आहे ना!"

हे माझे अखेरचे शब्द. पेटी माझ्या छातीपर्यंत आली, खांद्यापर्यंत आली, तिथं जरा थांबली आणि मग तिनं स्वतःचा विचार बदलला. आबा सरले नव्हते.

आबांनी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "माय वं!"

मी ओरडलो, "घाबरू नका! प्रथमोपचार! पेटी उघडा!"

"किल्ली कुठंय?" वैशालीनं विचारलं.

किल्ली हरवू नये म्हणून मी ती अगदी सुरक्षित जागी ठेवली होती. पेटीत. कुलूप असं होतं की दाबलं की बसायचं, त्याला किल्ली लागायची ती उघडायला. मी दगड मारला, पाना मारला, वासुकाकांनी घरून हातोडा आणून मारला. लकडगंजचं सागवान ते, त्याला ओरखडा पडला नाही. तोवर आईनं माठातलं पाणी ओतून गमछा ओला केला होता, आबांच्या पायाला गुंडाळला होता आणि त्यांचा हात धरून पायरीवर बसली होती. नवं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

दुर्गम जंगलासाठी महिनाभर तयारी केली, आणि अपघात झाला तो हाडांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर!

डॉक्टरांनी पाय पाहून विचारलं, "काय पडलं पायावर?"

मी भिंतीवरचा सांगाडा पाहू लागलो.

"फर्स्ट एड," आई म्हणाली.

"फर्स्ट एड दिलं, बरं केलं. पण पडलं काय?"

"तेच तर सांगून राहिली डॉक्टरसाहेब. तेच पडलं!"

आबांना प्लॅस्टर बसलं. मोह गेला.

आई मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं दाराशी भरून ठेवलेली पिशवी उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि स्वयंपाकाला लागली. पुढच्या बाजाराच्या दिवशी सुकलालनं मोबाइलवर एक आवाज पाठवला. त्यानं झाडाखाली फोन धरून मोह पडतानाचा आवाज भरून आणला होता. आबा पलंगावर, आई त्यांच्या शेजारी, दोघांच्या मधोमध फोन. त्यात एक कोंबडा आरवत होता, सुकलाल खोकत होता, आणि मधूनच दबक्या आवाजात सांगत होता, "गिरा... गुरुजी, एक और गिरा." टपटप काही ऐकू येत नव्हतं. तरी आई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, "आला, आला आवाज." तो आला नव्हता, हे मला माहीत होतं. मला वाटलं, सरळ त्या पेटीत जाऊन बसावं. पण तिला कुलूप होतं!

यंदा मोह पडू लागला तसे ते गेले. मला घेतलं नाही. मी विचारलं तर आई म्हणाली, "तू पेटीजवळ थांब. तिले एकटं नको सोडू." वैशालीनं गाडी चालवली आणि सोबत एक पिशवी नेली. त्यात पट्ट्या, मलम, तापाच्या गोळ्या आणि ओआरएस. कोणाला काहीही झालं नाही.

ते गेल्यावर मी रिकाम्या घरात फोनची वाट पाहत बसलो. जंगलात रेंज नाही, त्यामुळे नुसती वाट. अखेर तालुक्याच्या गावाहून आईचा फोन वाजला. मी आतल्या खोलीतून अनवाणी धावलो, आणि पेटीच्या पितळी कोपऱ्यावर माझा अंगठा असा काही आपटला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"बाळ्या! ऐकलं रे मी!" आई तिकडून सांगत होती. "तुह्या आबांचा पाय ओढ्यापर्यंत नाही पोचला. ते शाळेच्या ओट्यावरच बसले. मी एकटीच गेली झाडाखाली. आन् टप टप... अगदी तसंच रे, जसं ते सांगत होते तसंच! ओंजळभर फुलं आणून त्यांच्या हातावर ठेवली मी... अरे, काहून रडून राहिला तू?"

"आनंद झाला वं माय," मी म्हणालो.

आनंद झालाच होता. पण तो आवाज तिला आबांच्या शेजारी बसून ऐकायचा होता, आणि तेवढं माझ्यामुळं कायमचं राहिलं. अंगठ्याचं दुखणं त्यामानानं काहीच नव्हतं (तरी नख गेलंच).

ते परत आले तेव्हा मी लंगडत दार उघडलं. आबांनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग पेटीकडं पाहिलं. प्लॅस्टर होतं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पाय उंचावर ठेवायला सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती पेटी त्यांच्या खुर्चीसमोरच असते. आजही तिचं कुलूप उघडलेलं नाही. आबा सावकाश खुर्चीत बसले, आपला पाय पेटीवर टेकवला आणि जरा सरकवून शेजारी जागा केली.

"ठेव तुहाही," ते म्हणाले. "उंची बरोबर हाये."