बुजवलेला झिरा

आज सकाळी ओढ्याकडून फवारणीच्या औषधाचा वास आला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

तेव्हा तांड्यावर नळ नव्हता. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा खणायचा, त्यात पाणी पाझरायचं. तोच आमचा झिरा. आधीचं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायचं, नितळ येईपर्यंत थांबायचं, मग घागर भरायची. निघताना वर बाभळीची फांदी ठेवायची, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून.

एकदा कापसावर फवारणी झाली आणि मी पंप धुतला तो नेमका झिऱ्याच्या वरच्या अंगाला. दुधासारखं पांढरं पाणी वाळूत मुरलं. सासूनं पाहिलं, पण ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी वाळू ओढून तिनं झिरा बुजवला आणि भर उन्हात तिथंच बसून राहिली. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती, "इथलं पाणी घेऊ नका, बाई. आमच्या घरानं नासवलं." माझं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. रिकाम्या घागरी परत जाताना माझी मान वर झाली नाही.

आज ओढ्यात पंप धुणारा माझाच लेक होता.

"अरे, पाणी नासवून राहिला की तू!"

"काहून ओरडून राहिली, आई? आपल्याला कुठं हे प्यायचंय? वारंगा फाट्यावरून जार येतो की आपला."

मी सासूच्या जागेवर जाऊन बसले. ऊन डोक्यावर आलं. सांगायचं होतं, पण घागर घेऊन कुणी आलंच नाही.