मेलेली काळी पट्टी

मांजरसुंब्याच्या त्या मिस्त्रीचं नाव मी इचारलंच न्हाई. माझा जुना कीबोर्ड बंद पडलता अन् आमच्या बँडमधली पोरं नवा कीबोर्ड, नवा वाजवणारा शोधत व्हती, म्हणून मी माझाच दुरुस्तीला त्याच्याकडं नेला. मिस्त्रीनं पेचकस कानामागं खोचला. म्हणाला, "मामा, आदी वाजवा."

"बंद हाय बे!"

"वाजवा तर."

मी बंद कीबोर्डवर अख्खी वरात वाजवली. तो नुसती बोटं बघत व्हता. "ही काळी पट्टी टाळता कावून?"

"लई वर्षं झाली, मेलीय ती. तिच्यावाचून चाल वळवून घेतो मी."

त्यानं कीबोर्ड बोलता केला, पण त्या पट्टीला हात लावला न्हाई. "ऱ्हाऊ द्या तशीच. दुसऱ्या कुणाला ह्यावर वाजवताच येणार न्हाई."

उद्या घाटनांदूरला वरात हाय. कीबोर्डमागं मीच उभा ऱ्हाणार.