माझं कोरं कपाळ

आमच्या काशीतल्या दुर्गाघाटाच्या घरात वरच्या खोलीत पुण्याचा एक चित्रकार भाड्यानं राहत होता. तांब्याच्या पत्र्यावर मेण चढवायचं, त्यावर सुईनं चेहरा कोरायचा, पत्रा तेजाबात बुडवायचा, मग शाई भरून कागदावर दाबायचा, असा त्याचा धंदा. गच्चीवर तेजाबाचा वास, जिन्याच्या भिंतीला शाईची बोटं. म्हणे कला.

एकदा म्हणाला, काकू, जरा बसा. मी ऊन खात डाळ निवडत बसले, तो समोर कोरत बसला. मधूनच सुस्कारे टाकायचा. बाळंत होणारी बाईसुद्धा इतकी कण्हत नाही.

पुढच्या आठवड्यात छाप आणून दाखवला. डाळ गायब, डोक्यावरून पदर, नजर कुठेतरी वर, गळा मोकळा, कपाळ कोरं. मी डोक्यावरून पदर घेत नाही. आणि हे अंथरुणाला खिळल्यापासून कुंकू तर जास्तच ठसठशीत लावते.

"कुंकू कुठाय?" मी विचारलं.

"काकू, काशीतली म्हातारी म्हटली की लोकांना असाच चेहरा हवा असतो. त्यात दुःख आहे."

दिल्लीच्या प्रदर्शनात हेच लावणार होता. आमचे भाचे-पुतणे तिथेच नोकरीला.

आतून यांनी हाक मारली, काय आणलंय बघू. लकव्यानं उजवं अंग गेलंय, कान शाबूत आहेत. छाप बराच वेळ बघून म्हणाले, "मी कधी गेलो?"

चित्रकार हसला. हे हसले नाहीत. जन्मभर लोकांची श्राद्धं चालवली, स्वतःच्या मरणाची रोज थट्टा करायचे. त्या दिवशी थट्टा केली नाही.

मी त्याला म्हटलं, सुई तुझ्याकडे आहेच, पत्र्यावर कुंकू कोर. तर म्हणे, चित्राचा तोल जाईल. एवढ्याशा ठिपक्यानं ज्याचा तोल जातो ते चित्र कसलं?

असे आणखी किती छापलेस, यांनी विचारलं. आहेत थोडे, म्हणाला.

"आण."

चित्रकाराला वाटलं, म्हाताऱ्याला आवडले. धावत जाऊन गठ्ठा घेऊन आला. यांनी वरचा कागद डाव्या हातात धरला, पण फाडायला दुसरा हात नव्हता. मग त्यालाच म्हणाले, "ते टोक धर."

मी दारात उभी होते आणि त्याची वरची खोली आमची होती. त्यानं धरलं. जाड, महागाचा कागद. फाटताना चांगला आवाज येत होता. शेवटच्या छापापर्यंत तो टोक धरून उभा राहिला. तेव्हा कुठे त्याला खरं दुःख झालेलं दिसलं, तेही कागदाचं.