आधी तू पट्टा लाव

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या जवळ एका सलूनमध्ये मी दर शनिवारी लोकांचं ब्लड प्रेशर मोजायला जायचो. सलून कृष्णवर्णीय पुरुषांचं. दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं केस कापायला मात्र नेमानं येतात, म्हणून आमच्या संशोधनाचं यंत्र तिथे. घरी आलो की बायको विचारायची, "आज किती जणांचं मोजलंस?"

त्यांना भीती होती ती प्रेशरपेक्षा गोळ्यांची. एकाला वाटे, गोळी सुरू झाली की पुरुषपण संपलं. दुसऱ्याचे वडील हॉस्पिटलमध्ये चालत गेले आणि परत आले ते पेटीतून. तेव्हापासून त्याचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. कोलेस्टेरॉलचं नाव काढलं की तिसरा म्हणे, "मला काही होत नाहीये." मी सगळं लिहून घ्यायचो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्खात काढायचो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझ्या स्वतःच्या प्रेशरच्या गोळ्या मी चेकअपच्या आधी फक्त आठवडाभर घ्यायचो, परीक्षेच्या तोंडावर पुस्तक उघडावं तशा. आकडा चांगला येई, डॉक्टर खूश, बायको निर्धास्त. माझे बाबा बावन्नाव्या वर्षी दाढी करता करता कोसळले होते. मला एक्कावन्नावं चालू होतं. प्रेशर मोजायचा तो पट्टा एरवी स्वतःच्या हाताला लावायची मला भीती वाटायची, अगदी खरी, घाम फोडणारी भीती.

सलूनमध्ये एक निवृत्त बस ड्रायव्हर यायचा. सहा महिने तो मला दाद देत नव्हता. त्या शनिवारी खुर्चीतूनच म्हणाला, "दर शनिवारी मला म्हणतोस, लाव. आधी तू लाव."

कात्र्या थांबल्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पट्टा फुगला, सुटला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी.

"मला काही होत नाहीये," मी घाईघाईनं म्हणालो.

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"घरी माहीत आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं बाही वर केली. "माझं घे. पण आज घरी सांगायचं. पुढच्या शनिवारी मी विचारणार आहे."

गाडी काढून घरी निघालो. प्रत्येक सिग्नलला वाटे, इथेच काही झालं तर? घरी आलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती.

"किती जणांचं मोजलंस?"

"सात," सवयीनं बोलून गेलो. मग बाबांच्या गालावर तसाच राहिलेला साबण डोळ्यांपुढे आला. "आठ. आठवा मी होतो."

मी आकडा सांगितला. तिचं लाटणं थांबलं.

"पण तुझं तर नेहमी नॉर्मल येतं ना रे?"